टाचण्या

मां माझी ओढणी बांधायची तेव्हा
टाचण्या तिच्या ओठांत असायच्या,
चार, कधी पाच, डोकी बाहेर.
त्यामुळे ती काय सांगतेय ते मला कधी कळलंच नाही.
म्म्, म्म्, आणि शेवटी एक ‘ल’.
मग हनुवटीखाली थंड लोखंड.

मी नऊ वर्षांची. माझगावात बेकरीच्या वर
हुस्नारा उस्तानीकडे साडेचारला सबक.
जिन्यात खारीचा वास
आणि वर गेलं की जहन्नमची आग.
मला बरीच वर्षं वाटायचं
दोन्ही एकाच भट्टीतून येतात.
उस्तानी सांगायच्या, एकेका उघड्या केसाचा हिशेब होणार.
मांचं अर्धं वाक्य मी त्यांच्याकडून पुरं करून घेतलं
आणि ठेवून दिलं मांच्याच तोंडात.

पुढे बॅलार्ड इस्टेटला शिपिंगच्या कचेरीत लागले.
तळमजला ते चौथा मजला, चाळीस सेकंद.
तेवढ्यात बुरखा काढून, घडी करून
डब्याच्या पिशवीत.
लिफ्टमन सावळाराम पहिल्या मजल्यालाच
तोंड जाळीकडे करून उभा राहायचा.
सहा वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही.
मीही नाही सांगितलं.

एकदा मोठे साहेब पाहुण्यांना म्हणाले,
‘या आमच्या हुर्झुकबाई.
सांगितल्याशिवाय कळतं का, मुसलमान आहेत म्हणून?’
सगळे कौतुकाने हसले. मीही हसले.
घरी येऊन रात्रभर ते हसू
दातात अडकल्यासारखं.
दुसऱ्या दिवशी बुरखा टेबलापर्यंत नेला.
सावळाराम जाळीकडे तोंड करून थांबला होता, उगाच.
‘बाई, चौथा आला,’ म्हणाला.

तीन वर्षं तसाच नेला.
मग एका मे महिन्यात काढला.
आधी मान घामोळ्यांनी भरली,
मग मोठंसं कारण सापडलं,
मग ते कारणही कुठेतरी राहून गेलं.
आभाळ पडलं नाही.
पडेल म्हणून मी मात्र बरेच दिवस वर बघत चालले.

माझी बहीण आतिका डोळ्यांपुरती उघडी.
स्कूटरवरून भायखळ्याच्या पुलावर टॅक्सीवाल्यांना शिव्या घालते,
नकाबातून.
लोक तिला बिचारी म्हणतात, मला बिघडलेली.
ईदच्या आदल्या रात्री शिरकुर्म्याचे बदाम सोलताना
आम्ही दोघी यावर खूप हसतो.
मग एका जागी येऊन गप्प होतो.
ती जागा दोघींना ठाऊक आहे.
बदाम सोलत राहतो.

आणि आता रुमैसा. सतराची.
माहीमहून दीड मीटर जॉर्जेट आणलंय, राखी रंगाचं.
‘अम्मी, बांधून दे.’
कोणी सांगितलं?
‘कोणी नाही.’
कॉलेजात कोणी काही बोललं?
‘नाही म्हटलं ना.’
एखादा मुलगा?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी बुरखा काढला तेव्हा मांकडे पाहिलं होतं,
कारण मांनेही हेच विचारलं होतं,
याच क्रमाने.

मां पलंगावर पाय सोडून बसलेली, गुडघ्याला तेल.
मी विचारलं, मां, तू टाचण्या तोंडात धरून
मला काय सांगायचीस?
‘कधी?’
मी लहान असताना. ओढणी बांधताना.
तिने आठवून पाहिलं, किंवा आठवल्यासारखं केलं.
‘काय सांगणार? हलू नको गो, टोचंल.’

बस्स?
‘बस्स. तू सारखी हलायचीस.’

खरंही असेल.
पंचाहत्तरीत माणूस स्वतःला जरा माफ करून आठवतो.
पण एवढी वर्षं मी ज्या वाक्याशी भांडले
ते कुणाचं होतं मग?

टाचण्या ओठांत धरायला गेले, सवयीने.
मग काढल्या, तळहातावर ठेवल्या.
तोंड मोकळं. आणि सांगायला काहीच सुचेना.
‘अम्मी, लवकर. मला उशीर होतोय.’
एक टाचणी निसटली, फरशीवर टिचकी वाजली.
आम्ही दोघी गुडघ्यांवर, अनवाणी,
पलंगाखाली हात फिरवत शोधतोय.
मां वरून सांगतेय,
जपून गो,
बघून हात घाला.